पारख: फोनवर काय तपासता येतं आणि काय नाही

अनोळखी माणसाशी व्यवहार करण्याआधी तुम्ही मोबाइलवर काय पाहता आणि नेमके कुठे अडता, असं आम्ही वाचकांना विचारलं होतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतून पत्रं आली. त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ती आधीच सांगतो. माणसाची नियत कुठल्याही यंत्रात दिसत नाही. तपासता येतो तो त्याने केलेला दावा: मी अमुक पेढीचा, ही जमीन माझी, पैसे पाठवले. तो दावा तपासताना त्याने दिलेली लिंक, त्याने दिलेला नंबर, त्याने पाठवलेला फोटो वापरायचा नाही. आपल्या वाटेने जाऊन पाहायचं.

प्रश्न: आमची हापूसची दोनशे कलमं आहेत. यंदा पुण्याच्या एका पेढीच्या नावाने फोन आला. ३०० पेट्या उचलतो म्हणतात, निम्मे पैसे माल पोचल्यावर आठ दिवसांनी. व्हॉट्सॲपवर जीएसटी सर्टिफिकेटची पीडीएफ पाठवली आहे. ती खरी की खोटी हे कसं ओळखायचं? (बागायतदार, देवगड)

उत्तर: पीडीएफ बाजूला ठेवा, ती कुणालाही घरबसल्या बनवता येते. तिच्यावरचा १५ अक्षरांचा क्रमांक तेवढा उतरवून घ्या. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या पेढीचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, बरंच काही सांगतं. पी असेल तर तो एकट्या माणसाचा पॅन, एफ असेल तर भागीदारीचा, सी असेल तर कंपनीचा, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंबाचा. फोनवरचा माणूस 'आमची प्रायव्हेट लिमिटेड' म्हणत असेल आणि सहावं अक्षर पी निघालं, तर तिथेच थांबून विचारा.

मग जीएसटी पोर्टल उघडा. 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. नोंदलेलं नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि स्थिती दिसते. स्थिती 'ॲक्टिव्ह'च हवी. 'सस्पेंडेड' किंवा 'कॅन्सल्ड' असेल तर विषय संपला. त्याच पानावर विवरणपत्रं कधी भरली याचा तक्ता उघडतो. लहान व्यापारी तिमाही विवरण भरतात, म्हणून तीन महिन्यांत एकच नोंद दिसली तर दचकू नका. पण 'वीस वर्षांची पेढी' म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या फेब्रुवारीतली असेल, किंवा सहा महिने काहीच भरलेलं नसेल, तर उधारीची बोलणी बंद करा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही आणि फक्त ताजी फळं विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीही नाही. त्यामुळे जीएसटी क्रमांक नसलेला प्रत्येक दलाल खोटा ठरत नाही. चोख व्यवहाराच्या कितीतरी जणांकडे तो नसतो. अशा माणसाचा बाजार आवारात गाळा असेल, तर त्या बाजार समितीच्या कार्यालयात फोन करून गाळा क्रमांक आणि परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचारा. समितीचा फोन नंबर तुम्ही शोधलेला असावा.

बागायतदार फसतो तो बहुतेक वेळा वेगळ्याच ठिकाणी. क्रमांक खरा असतो, पेढीही खरी असते, फक्त फोनवर बोलणारा त्या पेढीचा नसतो. हे पकडायचा भरवशाचा मार्ग म्हणजे पैसा कुठून येतो ते पाहणं. आगाऊ रक्कम पेढीच्या चालू खात्यातूनच हवी, असं स्पष्ट सांगा. पासबुकात पाठवणाऱ्याचं नाव उमटतं, ते जीएसटी पोर्टलवरच्या नावाशी जुळवा. 'साहेब बाहेर आहेत, भाच्याच्या खात्यातून टाकतो' असं आलं तर माल झाडावरच राहू द्या.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट आणि एसएमएस यांना पुरावा मानू नका. बँकेचा एसएमएस बँकेच्या नावाच्या हेडरवरून (नंबराच्या जागी दिसणाऱ्या अक्षरांवरून) येतो, साध्या दहा आकडी मोबाइलवरून येत नाही. व्यवहार क्रमांकाची लांबीही पाहा: यूपीआयचा १२ आकडी, एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. शिवाय आरटीजीएस २ लाखांच्या खाली होत नाही, म्हणजे '८० हजार आरटीजीएस केले' हे वाक्यच चुकीचं. शेवटी आपल्या खात्याची शिल्लक आपल्याच ॲपमध्ये पाहायची. चेक असेल तर तो वटेपर्यंत गाडी भरू नये.

आता ३०० पेट्यांचं. पहिली खेप २० ते २५ पेट्यांची, पूर्ण पैसे आधी घेऊन. दुसरी ५०ची, निम्म्या उधारीवर. उधारी कितीपर्यंत जाऊ द्यायची याचं एकच माप आहे: बुडाली तरी पुढच्या हंगामाची फवारणी अडता कामा नये. भाव, पेटीतले डझन, प्रत आणि पैसे देण्याची तारीख व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि 'मान्य' असं उत्तर घ्या. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाकून ती गाडी टेम्पोच आहे ना, ते पाहा. आणि गाडी निघाल्यावर उतरवायची जागा बदलायला सांगितली, तर ड्रायव्हरला फोन करून गाडी थांबवा. असं सांगणं क्वचितच सरळ असतं.

प्रश्न: आमचं आठ खोल्यांचं होम-स्टे आहे. 'आर्मीतून बोलतोय, बारा जणांचं बुकिंग हवंय' असे फोन येतात. ओळखपत्राचा फोटोही पाठवतात. ट्रूकॉलरवर 'मेजर' असं नाव दिसतं. खरंच सैन्यातले असतील तर नाही म्हणणं बरं वाटत नाही. (तारकर्ली)

उत्तर: ट्रूकॉलरवरचं नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये जे साठवलं असेल त्यावरून येतं आणि वापरणारा आपलं नाव स्वतःही टाकू शकतो. त्यामुळे तिथे 'मेजर' दिसणं म्हणजे दारावर स्वतः पाटी लावण्यासारखं आहे. ओळखपत्राचा फोटो बहुतेकदा दुसऱ्याच कुणाचा असतो.

ओळख तपासत बसूच नका, पैशाची दिशा पाहा. हा डाव ठरलेला असतो: 'आमच्याकडे लष्कराची वेगळी पद्धत आहे, तुम्ही आधी १ रुपया पाठवा, आम्ही दुप्पट परत करू.' मग क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. क्यूआर स्कॅन केला आणि पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. हे घरातल्या ज्याच्या हातात बुकिंगचा फोन असतो त्या प्रत्येकाला सांगून ठेवा, विशेषतः कॉलेजातून सुट्टीला आलेल्या मुलांना. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची यूपीआयमधली 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, म्हणून हल्ली सगळा भर क्यूआर आणि स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या ॲपवर असतो.

तुम्ही स्वतः करायचं ते इतकंच: आपला छापील क्यूआर पाठवा, 'यावर ३० टक्के टाका, आल्यावर खोल्या धरतो' एवढं सांगा. खरा पाहुणा तेवढं करतो. नंबरचा संशय आला तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर संशयित फोन नंबर, यूपीआय आयडी आणि खातं शोधायची सोय आहे. तिथे नाव निघालं तर खात्रीच. नाही निघालं तर त्याचा अर्थ इतकाच की अजून कुणी तक्रार केलेली नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी उरते.

एक काम महिन्यातून एकदा करा: गुगल मॅपवर आपल्या होम-स्टेचं पान उघडून फोन नंबर आपलाच आहे ना ते बघा. बाहेरचा माणूस बदल सुचवू शकतो आणि नंबर बदलला गेला तर पाहुणे भलत्यालाच आगाऊ पैसे देतात. पान आपल्या नावावर दावा करून घेतलेलं असेल तर असा बदल लगेच कळतो.

प्रश्न: आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे, ४० कामगार, बहुतेक बायका. गेल्या दोन महिन्यांत गराची तूट येते आहे. मोबाइलवर आवाजावरून खोटं पकडणारं ॲप मिळतं, एक विक्रेता चाचणीचं यंत्रही द्यायला तयार आहे. सगळ्यांची चाचणी घ्यावी का? (वेंगुर्ला)

उत्तर: घेऊ नका. कारण हिशेबाने सांगतो.

समजा ४० जणांत खरोखर दोघे चोर आहेत आणि तुमचं यंत्र १०० पैकी ८५ वेळा बरोबर सांगतं. हा आकडा आम्ही उदार होऊन धरला आहे. दोघांपैकी दोघेही सापडले असं मानू. उरलेल्या ३८ निरपराध कामगारांपैकी १५ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास सहा जणींवर, यंत्र बोट ठेवणार. तुमच्यासमोर आठ नावं येतील आणि त्यात सहा जणी निर्दोष असतील. त्या सहा जणींचं गावात काय होईल, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. चोर थोडे आणि प्रामाणिक जास्त असले की कुठल्याही अर्ध्याकच्च्या चाचणीची हीच गत होते.

आणि ८५ टक्के हे फार झालं. पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरतात ते यंत्र, खोटं मोजत नाही. श्वास, रक्तदाब, नाडी आणि तळहाताचा घाम यांतले बदल ते टिपतं. घाबरलेल्या खऱ्या माणसालाही घाम येतो आणि सराईत माणसाला येत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ साली या चाचण्यांचा आढावा घेतला. विशिष्ट घटनेबद्दल विचारलं तर निकाल निव्वळ नाणं उडवण्यापेक्षा बरा असतो, पण अचूकतेपासून खूप दूर, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे प्रशिक्षित तपासनीस आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राबद्दल. मोबाइलच्या मायक्रोफोनवर, तेही ड्रायरच्या आवाजात चालणाऱ्या ॲपला यातलं काहीच लागू होत नाही. स्क्रीनवर बोट ठेवायला लावून खोटं पकडणारी ॲप्स तर निव्वळ करमणुकीची असतात.

कायद्याचंही ध्यानात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कुणावरही सक्तीने करता येत नाही. तपास यंत्रणांनाही जे बळजबरीने करता येत नाही, ते मालकाने 'सही कर नाहीतर उद्यापासून येऊ नकोस' म्हणून करायचं, याला संमती म्हणत नाहीत.

मग तूट शोधायची कशी? वजनकाट्याने, टप्प्याटप्प्याने. तूट म्हणजे चोरी असं गृहीत धरण्याआधी ती कुठे पडते ते पाहा. काजूबीतून गर साधारण पाव ते ३० टक्के निघतो, म्हणजे ८० किलोच्या पोत्याला २० ते २४ किलो. बी कुठल्या झाडाची, किती वाळलेली, यावर यात चार किलोंचा फरक सहज पडतो. तुम्ही बी खरेदीची जागा दोन महिन्यांपूर्वी बदलली का, हे आधी आठवा. पुढचा टप्पा वाळवणीचा. फोडलेल्या गरातला ओलावा साधारण आठ-नऊ टक्क्यांवरून चारच्या आसपास आणला की १०० किलोमागे पाच किलोच्या जवळपास वजन नुसतं हवेत जातं. ड्रायर जरा जास्त तापला किंवा माल एक तास जास्त राहिला तर आणखी जातं. नंतर सालपटाचं वजन. ओल्या दिवसांत उघडा राहिलेला गर उलट ओलावा ओढून जड होतो, म्हणजे जुलैचं वजन आणि एप्रिलचं वजन एकाच पट्टीने मोजता येत नाही.

तीन दिवस तुम्ही स्वतः उभं राहून एक-एक पोतं शेवटपर्यंत न्या: बी, फोडणीनंतरचा गर, वाळवणीनंतरचा, सोलणीनंतरचा, सालपट आणि तुकडा वेगळा. पाच-सहा आकडे वहीत येतील. तीच तुमच्या कारखान्याची पट्टी. मग १० ग्रॅम अचूकतेचा काटा सोलणीच्या टेबलाशी ठेवा. प्रत्येकीला माल देताना आणि परत घेताना वजन तिच्यासमोर, तिच्या कार्डावर लिहा. काटा महिन्यातून एकदा प्रमाणित वजनाने तपासा. अनेक ठिकाणी 'तूट' काट्याचीच निघते. इतकं करूनही एकाच टप्प्यात, एकाच पाळीत पट्टीपेक्षा कमी येत राहिलं तर त्या टप्प्यावर आणि कोठीच्या दारावर कॅमेरा लावा, आणि तो लावल्याचं सगळ्यांना सांगा. कोठीची किल्ली किती जणांकडे आहे, हाही प्रश्न विचारा. संशय नेहमी सोलणाऱ्या बायकांवर जातो, पण पोत्याने माल हलवायची संधी त्यांच्याकडे नसतेच.

प्रश्न: माझ्या भावाला जहाजावर लावतो म्हणून एजंट दोन लाख मागतो. कंपनीचं नियुक्तिपत्र आणि जहाजाचं नाव दिलं आहे. आखाताचाही पर्याय देतो. (रत्नागिरी तालुका)

उत्तर: जहाजावर भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. तिथे नाव, पत्ता आणि परवान्याची मुदत पाहा. यादीत नाव असलं तरी तिथे दिलेल्या कार्यालयाच्या नंबरवर फोन करून 'हा माणूस तुमचा आहे का' असं विचारा. परवानाधारकाला नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय तपासणी, सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च उमेदवाराचा असतो, पण दोन लाखांची मागणी कुठल्याच नियमात बसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं.

तरी जहाज तपासायचं असेल तर त्याचा आयएमओ क्रमांक, म्हणजे जहाजाचा कायमचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, मागा. तो सात आकडी असतो आणि शेवटचा आकडा हिशेबाने जुळतो. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४ मिळून १३९, शेवटी ९. जुळलं. जुळलं नाही तर क्रमांक मनाने लिहिलेला आहे. जुळलं तर जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर तो टाका आणि जहाजाचं नाव, प्रकार जुळतो का ते पाहा. 'मुंबईहून चढायचं' म्हणत असतील आणि जहाज दुसऱ्या खंडात उभं असेल तर कारण विचारा.

आखातासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी तिथे मिळते. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो' हे वाक्य कानावर पडलं की पासपोर्ट परत मागा.

प्रश्न: कुणी हातउसने मागितले तर त्याचा सिबिल स्कोअर मला पाहता येईल का? (चिपळूण)

उत्तर: त्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि तसं करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याला स्वतःचा अहवाल काढून दाखवायला सांगता येतं. देशातल्या चारही पत मानांकन संस्था प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पण आकड्यापेक्षा आतली पानं वाचा: किती कर्जं चालू, किती हप्ते उशिरा, आणि गेल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी कर्जासाठी चौकशी. महिन्याभरात सात-आठ चौकश्या म्हणजे माणूस सगळीकडे फिरून तुमच्याकडे आला आहे. भिशी आणि गावातली उसनवारी मात्र तिथे दिसत नाही.

प्रश्न: आम्ही डोंबिवलीत राहतो. दापोलीजवळ दहा गुंठे बघितले आहेत. मध्यस्थ म्हणतो सातबारा 'क्लीन' आहे, मालक परदेशात, मुखत्यार इथे सही करेल. ऑनलाइन काय काय तपासावं? (चाकरमानी वाचक)

उत्तर: मध्यस्थाने दिलेला सातबारा ठेवून द्या आणि स्वतः महाभूमीच्या पोर्टलवरून डिजिटल सहीचा काढा, १५ रुपये लागतात. त्यावरच्या १६ आकडी क्रमांकाने तो खरा आहे का हे त्याच पोर्टलवर पडताळता येतं. फुकटात दिसणारा बिनसहीचा उतारा फक्त माहितीसाठी असतो.

उताऱ्यात मालकाचं नाव पाहून थांबू नका. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असणं नेहमीचं, त्यातली काही माणसं हयात नसतात आणि वारस मुंबईत विखुरलेले असतात. सामाईक क्षेत्रातले 'माझे दहा गुंठे' म्हणजे नेमके कुठले, हे कागदावर ठरलेलंच नसतं. पोटहिस्सा मोजून नकाशावर आलेला नसेल तर तुम्ही घेता तो वाटा असतो, समुद्राकडचा तो तुकडा नव्हे. 'इतर हक्क' हा रकाना शब्द न् शब्द वाचा: कुळाचं नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीचा किंवा वाटेचा हक्क. मग प्रत्येक फेरफार क्रमांक उघडून तो कशाने पडला ते पाहा, विक्रीने, वारसाने की वाटणीने. 'आपली चावडी'वर चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. गेल्या पंधरवड्यात या गटावर काही पडलं आहे का ते तपासा.

नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव आणि गट क्रमांक टाकून पूर्वीचे दस्त शोधा. त्याच जमिनीचा साठेकरार आधीच दुसऱ्या कुणाशी झालेला असेल तर सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, निघतो. पण नोंद न केलेला करार तिथे दिसत नाही, म्हणून स्थानिक वर्तमानपत्रात वकिलामार्फत नोटीस द्यायची ती द्यायचीच. ई-कोर्ट्सवर मालकाच्या आणि भावंडांच्या नावाने दावे शोधा. नावाची इंग्रजी स्पेलिंगं बदलून तीन-चार वेळा शोधा, पहिल्यांदा 'काही नाही' आलं म्हणून सोडू नका. महसुली दाव्यांचं पोर्टल वेगळं आहे.

सगळ्यात कच्चा दुवा मुखत्यारपत्र. देणारा माणूस वारला की ते आपोआप संपतं आणि हे कुठल्याही संकेतस्थळावर कळत नाही. व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवला एवढ्याने समाधान मानू नका. चेहरा आणि आवाज दोन्ही आता बनवता येतात. मालक जिथे राहतो तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र मागा, त्याची तारीख पाहा आणि वाडीत जाऊन दोन शेजाऱ्यांना त्या घराबद्दल विचारा. आणि तुमच्याकडे शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन तुमच्या नावे होणारच नाही. 'ते मी बघतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पुढे काही विचारायची गरज नाही.

प्रश्न: मुलाच्या आवाजात फोन आला, 'अपघात झालाय, पैसे टाका.' हुबेहूब आवाज होता. कसं ओळखायचं? (अलिबाग)

उत्तर: आवाजावरून ओळखायचा प्रयत्नच सोडा. फोन ठेवा आणि मुलाच्या साठवलेल्या नंबरवर तुम्ही लावा. लागला नाही तर त्याच्या रूममेटला. घरात एक शब्द ठरवून ठेवा, कुलदैवत किंवा कुत्र्याचं नाव नको, फेसबुकवर न सापडणारं काहीतरी, जसं जुन्या मांगराजवळच्या झाडाला घरात म्हणतात ते नाव. पैसे पाठवायची वेळ आलीच तर ॲपमध्ये येणारं नाव वाचा. ३० जून २०२५ पासून यूपीआयमध्ये बँकेत नोंदलेलंच नाव दाखवावं लागतं, ते 'हॉस्पिटल' नसून भलत्याच माणसाचं असेल तर हात थांबवा.

प्रश्न: आई-बाबा गावी एकटे असतात. त्यांच्यासाठी बाई ठेवली आहे. मुंबईहून लक्ष ठेवायला घरात कॅमेरे लावावेत का? तिला न सांगता लावले तर खरं काय ते कळेल, असं भाऊ म्हणतो. (मूळ गाव संगमेश्वर तालुका)

उत्तर: आधी ओळख. तिच्या आधार कार्डावरचा क्यूआर एम-आधार ॲपने स्कॅन करा. साध्या स्कॅनरमध्ये नुसते लांबलचक आकडे येतात. एम-आधारमध्ये सहीबंद माहिती आणि फोटो उघडतो. छापलेलं नाव किंवा फोटो बदललेला असेल तर इथे जुळत नाही. तिच्यासमोर करा, तिला तुमचंही दाखवा. आधारवरून ती कोण हे कळतं, कशी हे कळत नाही. त्यासाठी ती आधी जिथे काम करायची त्या घरी फोन, आणि पोलीस ठाण्यात पडताळणीचा अर्ज.

कॅमेरा जरूर लावा, पण सांगून. पडवी आणि ओटी पुरे. आईबाबांच्या झोपण्याच्या खोलीत त्यांची परवानगी असेल तरच. बाईची खोली आणि न्हाणीघर इथे कधीही नाही. बाईचं असं लपून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. भावाचा विचार व्यवहारातही चुकीचा आहे. लपवलेला कॅमेरा आज ना उद्या झाडू मारताना सापडतो, ती बाई त्याच दिवशी जाते आणि आईला औषध द्यायला कुणी उरत नाही.

गावी कॅमेरा बंद पडतो तो विजेमुळे. राऊटर आणि कॅमेऱ्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. घेताना राऊटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर जुळवा. क्लाउडवर विसंबू नका, कार्ड टाका. सतत रेकॉर्डिंगला सेकंदाला १ मेगाबिट धरलं तर दिवसाला १०.८ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात साधारण अकरा दिवस मावतात. हालचाल झाली तरच रेकॉर्ड अशी सेटिंग केली तर बरेच जास्त, पण पडवीत माडाची झावळी हलली तरी रेकॉर्डिंग चालू होतं, म्हणून चौकटीतला तेवढा भाग वगळायचा. मृगाच्या आसपास गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवायला बाबांना सांगा. पासवर्ड कंपनीने दिलेला ठेवू नका; तो बदलला नसेल तर तुमच्या घरातलं चित्र बाहेरच्यालाही दिसू शकतं.

आणि रोज रात्री आठला फोन करताना पाच मिनिटं आईबरोबर त्या बाईशीही बोला. आईने काय खाल्लं, गोळी कितीला घेतली, हे तिलाच विचारा. आठवड्याभरात तिच्या उत्तरांतून जेवढं कळेल तेवढं अकरा दिवसांचं रेकॉर्डिंग बघूनही कळणार नाही.